स्वप्रकाशित फँटसी कादंबऱ्यांचं परीक्षण: पुस्तक बाद करायचं ते कोणी आणि कशावरून?

मुठेकाठची

नमस्कार मंडळी,

आपल्या वाचनकट्ट्याच्या स्पर्धेसाठी स्वप्रकाशित मराठी फँटसी कादंबऱ्या मागवल्या, तेव्हा डझनभर आल्या तरी खूप झालं असं आम्हा परीक्षकांना वाटत होतं. आल्या पन्नासच्या वर. काही किंडलवरच्या, काही प्रतिलिपी या ऑनलाइन लेखन-वाचनाच्या मंचावर भाग भाग करून लिहिलेल्या आणि नंतर एकत्र बांधलेल्या, काही लेखकांनी पदरमोड करून छापून अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत स्वतः नेऊन ठेवलेल्या. पहिली फेरी संपत आलीय. अंतिम फेरीआधी एका गोष्टीवर सगळ्यांचं मत हवं आहे, म्हणून हा धागा.

पद्धतीबद्दल बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले आहेत, ते आधी सांगून टाकते. साचा इंग्रजीतल्या एसपीएफबीओ (सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ) या स्पर्धेवरून घेतला आहे. मार्क लॉरेन्स या फँटसी लेखकाने २०१५ साली ती स्पर्धा सुरू केली. ३०० स्वप्रकाशित कादंबऱ्या, १० ब्लॉग, प्रत्येकाच्या वाट्याला ३०. प्रत्येक ब्लॉग आपल्या वाट्यातून एकच पुस्तक पुढे पाठवतो. मग ती १० पुस्तकं सगळे ब्लॉग वाचतात, दहापैकी गुण देतात, आणि सरासरीवर विजेता ठरतो. प्रवेश फी नाही, बक्षिसाची रक्कम नाही, ‘सेल्फी स्टिक’ नावाचं एक मानचिन्ह तेवढं मिळतं. तरी लेखकांची रांग लागते, कारण त्या निमित्ताने अनोळखी माणूस आपलं पुस्तक वाचतो. आपल्याकडे ब्लॉगांच्या जागी वाचकगट आहेत, एवढाच फरक.

आता मुद्दा. तिसांतून एक निवडायचं म्हणजे एकोणतीस बाजूला ठेवायची. अंतिम फेरीत परीक्षक एकमेकांशी कितीही भांडले तरी तिथे जे पुस्तक वर येतं ते वाचण्यासारखं असतंच. जोखीम आहे ती पहिल्या फेरीत. तिथे एक माणूस दिवसभराची नोकरी आणि जेवणंखाणं उरकल्यावर मोबाईलवर तीन प्रकरणं वाचतो, शेरा लिहितो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. त्या शेऱ्यावर कोणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कामाचा निकाल लागलेला असतो.

माझं म्हणणं असं: एका वाचकाच्या शब्दावर कुठलंही पुस्तक बाद होऊ नये, आणि बाद झालेल्या प्रत्येक लेखकाला त्याचं कारण लेखी मिळावं.

हे कशामुळे म्हणतेय ते सांगते. निकालापर्यंत नाव उघड करणार नाही. एक कादंबरी आहे घाटाखालच्या गावातली. डोहापाशी साती आसरांचं ठाणं, आणि त्यांची पूजा करणारी एक बाई. ती मेलेल्या माणसाला डोहातून थोडा वेळ परत बोलावू शकते. दर वेळी तिला आपल्याजवळचा एक शब्द डोहाला द्यावा लागतो, आणि दिलेला शब्द तिला पुन्हा आठवत नाही. गोष्ट तीच सांगतेय. पहिल्या वाचकाचा शेरा होता: ‘डोहाकाठची कथा असून पाण्याचं वर्णन कुठेच नाही. शब्दसंग्रह तोकडा. बाद.’

दुसऱ्या वाचकाने ही फाइल उघडली ती केवळ अक्षरं नीट दिसतायत का ते तपासायला. त्याच्या लक्षात आलं की पहिल्या प्रकरणात ‘पाणी’ हा शब्द आहे आणि त्यानंतर पुस्तकभर नाही. बाई माठापुढे उभी राहून सुनेला म्हणते, ‘ते दे गं, गार.’ पाऊस येतो तेव्हा म्हणते, ‘वरून सुटलं.’ लेखिका कुठेही सांगत नाही की हा शब्द गेला म्हणून. पुढे ‘उंबरा’ जातो, ‘भाकरी’ जाते. सुनेचं नाव जातं तेव्हा तिला हाक मारायची म्हणून बाई भांडं वाजवते, आणि सून काही न विचारता बाहेर येते. मी ते पान वाचून पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

पहिल्या वाचकाला मी दोष देत नाही. तीन प्रकरणांत हा धागा सापडणं कठीण होतं, आणि त्याने काय खटकलं ते नेमकं लिहिलं होतं. म्हणूनच दुसऱ्याला ते उलगडलं. नुसतं ‘बाद’ लिहिलं असतं तर संपलंच होतं.

तुम्हाला काय वाटतं? गटांतल्या वाचकांनी विशेष करून लिहा.

घाटमाथा

ताई, भावना पोचली, पण हिशोब बसत नाही. आमच्या गटात सगळे नोकरदार. हिंजवडीहून घरी यायलाच दीड-दोन तास जातात. प्रत्येक पुस्तकाला दोन वाचक म्हणजे काम दुप्पट. आणि खरं सांगतो, काही पुस्तकं दहा पानांत कळतात. ‘सहस्र वर्षांपूर्वी सप्तद्वीपांवर’ अशी सुरुवात, मग चार पिढ्यांची वंशावळ, मग पाच राज्यांच्या सीमा, आणि पहिलं माणूस पहिलं वाक्य बोलतं ते तिसऱ्या प्रकरणात. अशा पुस्तकाला दुसरा वाचक देऊन काय साधणार? लेखकाला त्याचं जग सांगायची हौस आहे आणि गोष्ट अजून सापडलेली नाही, एवढं दिसतं की.

तीन प्रकरणांऐवजी पुस्तकाचा पाचवा हिस्सा वाचायचा असा नियम करा. कोणाचं प्रकरण चार पानांचं, कोणाचं चाळीस. ‘तीन प्रकरणं’ हे माप मुळात सगळ्यांना सारखं लागू होत नाही.

वाचनवेडी

पाचव्या हिश्शाला अनुमोदन.

प्रतिलिपीवरून आलेल्या कादंबऱ्यांबद्दल एक सांगायचंय, कारण माझ्या वाट्याला त्याच जास्त आल्या. तिथे वाचक रोज एक भाग वाचतो, म्हणून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘मागे आपण पाहिलं’ छापाच्या चार ओळी आणि शेवटी दार वाजतं, किंकाळी येते, नाहीतर कोणीतरी बेशुद्ध पडतं. त्या माध्यमात ते बरोबरच आहे. पण तेच पुस्तक करून सलग वाचायला दिलं की दर आठ पानांनी एक किंकाळी. गुण कापायचे का? मी कापले, पण शेऱ्यात लिहिलं की गोष्ट भक्कम आहे, भागांचे सांधे काढून टाका आणि पुन्हा बांधा. त्या लेखकाला हे कोणी सांगणार नसेल तर पुढचं पुस्तकही तसंच येईल. त्यामुळे लेखी कारणाच्या बाजूने माझं मत धरा.

जुनी पानं

मी निवृत्त ग्रंथपाल. परीक्षक मंडळात सगळ्यात वयस्कर मीच असेन. जरा विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे परीक्षक म्हणून जी माणसं बोलावली जातात त्यांची जडणघडण वास्तववादी कादंबरीवर झालेली असते. अद्भुत म्हटलं की ते बालसाहित्याच्या कप्प्यात, असा एक संस्कार असतो. वास्तविक मराठी कादंबरीची सुरुवातीची बरीच पावलं अद्भुताच्या वाटेवर पडली. नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ १९१३ चा, तो तर पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. मी ग्रंथालयात होतो तेव्हा त्याची बांधणी किती वेळा नव्याने करून घेतली असेल. नंतर नारायण धारपांनी भय आणि अद्भुत दोन्ही पुण्यात बसून लिहिलं, आणि त्यांच्या पुस्तकांसाठी वाचक नावं लावून ठेवत असत. वाचक कायम होता. समीक्षकाने मात्र या पुस्तकांसाठी वेगळी मोजपट्टी कधी तयार केली नाही, आणि आज तुम्ही जे करताय ते त्यामुळे मला मोलाचं वाटतं.

मोजपट्टी कोणती असावी? मी पहिल्यांदा हे बघतो की या जगातल्या जादूची किंमत कोण चुकवतं. मुठेकाठचीताईंनी सांगितलेल्या कादंबरीत ती पहिल्यापासून चुकवली जातेय, म्हणून ते जग उभं राहतं. याउलट माझ्या वाट्याच्या एका जाडजूड पुस्तकात नायकाच्या हाती असा मणी आहे की जो हवं ते करतो. दोनशे पानं तो संकटात सापडतो आणि दोनशे पानं मणी त्याला सोडवतो. भाषा उत्तम, वर्णनं उत्तम, आणि कोणाचंही काहीही पणाला लागलेलं नाही. वास्तववादी कादंबरीच्या परीक्षकाने त्याला भाषेसाठी चांगले गुण दिले असते. मी दिले नाहीत, आणि का दिले नाहीत ते पानभर लिहून लेखकासाठी ठेवलंय.

दुसरं, नियम मोडला तर लेखकाला ते ठाऊक आहे का. वेताळ अमावास्येलाच निघतो असं पाचव्या प्रकरणात म्हणायचं आणि विसाव्यात पौर्णिमेला त्याची पालखी काढायची, याला मी ढिलाई म्हणतो. पण पौर्णिमेला पालखी निघाली म्हणून गावकरीच हादरले असतील, तर तिथून गोष्ट सुरू होते.

दोन वाचकांना माझा पाठिंबा. घाटमाथा यांच्या अडचणीवर माझ्याकडे उपाय नाही, पण माझ्याकडे वेळ आहे. बाद झालेल्यांतली पंधरा-वीस पुस्तकं माझ्याकडे पाठवा.

अक्षरजुळारी

मी शनिवार पेठेत डीटीपीचं काम करतो, परीक्षक नाही. पण वर ‘अक्षरं नीट दिसतायत का’ असा उल्लेख आला म्हणून लिहितो. शुद्धलेखनाचे गुण देताना एक भेद सगळ्यांनी लक्षात ठेवा, कृपया.

बरेच लेखक हस्तलिखित अजूनही जुन्या फाँटात करून घेतात. श्रीलिपी वगैरे. छपाईला चालतं. पण किंडलवर टाकायचं तर युनिकोड लागतो, मग कन्व्हर्टरमधून फाइल काढतात. जुन्या फाँटात रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये त्यातला र आधी लागतो. कन्व्हर्टरने ती अदलाबदल नीट केली नाही की ‘सूर्य’चं ‘सूयर्’ होतं, ‘धर्म’चं ‘धमर्’, ‘मार्ग’चं ‘मागर्’. पोटफोड्या ष आणि जोडाक्षरं यांचंही कधी कधी वाटोळं होतं. लेखकाने मूळ फाइल वाचलेली असते, ती स्वच्छ असते. बदललेली फाइल तो पुन्हा वाचत नाही, किंवा किंडलवर कशी दिसते हे त्याला माहीतच नसतं.

तेव्हा पुस्तकभर प्रत्येक रफार चुकलेला दिसला तर तो कन्व्हर्टरचा प्रताप. रफार बरोबर आणि ऱ्हस्व-दीर्घ मनाला येईल तसे, तर मुद्रितशोधन झालेलं नाही. या दोन्हींना एकच शिक्षा नको. पहिल्या प्रकारच्या लेखकांना आठवडाभराची मुदत द्या, दुरुस्त फाइल मागवा. कोणाला जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा, स्पर्धेतल्या पुस्तकांचे मी पैसे घेणार नाही.

वाचनवेडी

अक्षरजुळारी दादा, मनापासून आभार. माझ्या वाट्याच्या एका पुस्तकाला मी ‘भाषा वाचवत नाही’ म्हणून खाली ठेवलं होतं. आता उघडून बघितलं, प्रत्येक ‘सर्प’ ‘सपर्’ आहे आणि कथेत सर्पच सर्प आहेत! ते परत वर घेतेय.

काजवा

मी स्पर्धक आहे, त्यामुळे माझं मत कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा. कुठल्या गटात माझं पुस्तक आहे ते सांगत नाही.

बाहेरून हे कसं दिसतं ते लिहावंसं वाटलं. माझी पहिली कादंबरी मी एका ‘पॅकेज’ विकणाऱ्याकडून काढली. मुखपृष्ठ, मांडणी, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), शंभर प्रती, सगळ्याचे मिळून पैसे. आयएसबीएनसाठी वेगळी रक्कम लावली होती. नंतर कळलं की आपल्या देशात तो क्रमांक फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. संपादन त्या पॅकेजमध्ये होतं, पण माझी फाइल कोणी उघडलीसुद्धा नसावी. पाच प्रकरणांपूर्वी मेलेलं पात्र पुढे जेवायला बसलेलं होतं आणि ते छापील पुस्तकात तसंच गेलं.

मग दोन-तीन स्पर्धांना पुस्तक पाठवलं. प्रवेश फी भरली, प्रती पाठवल्या. एका ठिकाणाहूनही एक ओळ आली नाही. विजेत्यांची यादी फेसबुकवर बघून कळायचं की आपण नाही. पुस्तक कोणी वाचलं का, वाचलं तर कुठे सोडलं, काही नाही. घरच्यांनी ‘छान आहे’ म्हटलं होतं, मित्रांनी पाच तारे दिले होते. त्या पाच ताऱ्यांतून काय शिकणार?

मोठ्या प्रकाशकाकडे गेलेल्या लेखकाला निदान संपादक भेटतो. तो म्हणतो हे प्रकरण काढा, ही बाई अशी बोलणार नाही. आमच्यासारख्यांना तसं म्हणणारं कोणी नसतं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली आणि छापण्याचा अडसर आमच्यापुरता संपला. वाचून खरं सांगणारा माणूस मिळायचा अडसर तसाच राहिला. म्हणून मुठेकाठचीताई, तुम्ही ते पानभर कारण लिहिणार असाल तर माझ्या दृष्टीने बक्षीस तेच. कठोर लिहा. फक्त कुठल्या पानावर काय झालं ते लिहा.

घाटमाथा

काजवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा विरोध लेखी कारणाला नव्हता, दोन वाचकांना होता. त्यावर मधला मार्ग सुचवतो. पहिल्या वाचकाने बाद करताना ‘काय खटकलं’ आणि ‘कुठे खटकलं’ एवढं लिहायचंच. दुसऱ्याने पाचवा हिस्सा न वाचता आधी ते खटकलेलं ठिकाण आणि त्याच्या पुढची वीस-पंचवीस पानं वाचायची. तिथे पहिल्याचं म्हणणं पटलं तर सही करून मोकळं व्हायचं. नाही पटलं तर पुढे वाचायचं. काम दुप्पट होणार नाही, आणि डोहाच्या कादंबरीसारखं पुस्तक यात सुटणार नाही असं वाटतं, कारण तिथे खटकलेली जागा हीच तिची खरी जागा होती.

मुठेकाठची

घाटमाथा, हे फार चांगलं सुचवलंत. असंच करूया.

लेखी परीक्षणाबद्दल आणखी एक. जोसाया बॅन्क्रॉफ्टची ‘सेनलिन असेंड्स’ एसपीएफबीओच्या दुसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, उतरली होती. ती अंतिम दहांत गेली नाही. पण स्पर्धेमुळे लॉरेन्सच्या नजरेस पडली, त्याने ती जाहीरपणे उचलून धरली, आणि २०१८ मध्ये ऑर्बिट या मोठ्या प्रकाशनाने काढली. गटात हरलेलं पुस्तक वाचकांपर्यंत पोचलं ते त्याच्याबद्दल उघडपणे बोललं गेलं म्हणून. आपणही बाद पुस्तकांतल्या ज्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिण्यासारखे आहेत, ते लेखकाच्या परवानगीने इथे जाहीर लिहावेत असं मला वाटतं.

सह्यकडा

धागा आत्ता पाहिला. परीक्षकांना प्रश्न: ‘आपल्या मातीतल्या’ कथेला जास्त गुण आहेत का? गटांच्या चर्चेत तसा सूर ऐकू येतोय. वेताळ, मुंजा, हडळ, चकवा, गिऱ्हा आला की वा वा, आणि कोणी ड्रॅगन आणला की ‘उसनं आहे’. माझ्या एका मैत्रिणीने बर्फाळ प्रदेशातल्या ड्रॅगनपालांची कथा मराठीत लिहिलीय. ती लहानपणापासून तेच वाचत आली. तिने मुद्दाम कोकणातला देवचार का आणावा?

जुनी पानं

आणू नये. ज्याच्याशी आपली ओळख नाही असं भूत आणलं की ते लगेच कळतं. माझ्याकडच्या एका पुस्तकात खंडोबा, म्हाळसा, बानू, वाघ्या-मुरळी सगळं आहे, पण लेखकाने रा. चिं. ढेऱ्यांचं पुस्तक समोर ठेवून यादी उतरवलीय असं वाटत राहतं. भंडारा उधळला जातो, पण तो हाताला, कपड्याला लागत नाही, त्याचा वास येत नाही. जेजुरीला जाऊन आलेल्या माणसाचे कपडे दोन धुण्यांनंतरही पिवळे असतात, ती एक ओळ त्या चारशे पानांत नाही. याला मी मातीतलं म्हणणार नाही. उलट तुमच्या मैत्रिणीचा ड्रॅगन थंडीत आजारी पडत असेल, त्याच्या पंखांना तेल लावायला माणूस लागत असेल आणि त्या माणसाची मजुरी थकली असेल, तर मला तो पटेल.

वाचनवेडी

जुनी पानं काकांशी सहमत, पण एक जोड. ड्रॅगनवाल्या पुस्तकांत माझं अडतं ते संवादांपाशी. इंग्रजीत वाचलेले संवाद डोक्यात असतात आणि मराठीत उतरताना सगळी पात्रं ऐतिहासिक नाटकातली होतात. ‘महाराज, आज्ञा व्हावी’, ‘सेनापती, आपण निश्चिंत असावे.’ भटारखान्यातली पोरगीसुद्धा तसंच बोलते. ज्यांनी ठरवून एकच ढंग धरला आणि शेवटपर्यंत निभावला त्यांचं मला खटकत नाही. एका लेखिकेने राजघराण्याला बखरीचा बाज दिलाय आणि ड्रॅगन सांभाळणाऱ्यांना थेट सोलापूरकडची बोली. दोघं समोरासमोर येतात तेव्हा राजपुत्राला अर्धं कळतच नाही, आणि सांभाळणारा मुद्दाम ड्रॅगनशी बोलतोय असं दाखवून त्याला सुनावतो. ते प्रकरण मी मोठ्याने वाचून दाखवलं आमच्या गटात. माझ्याकडून ते पुस्तक पुढे चाललंय.

अवांतर: त्रयीतल्या पहिल्या भागांचं काय करायचं? किती तरी पुस्तकं लढाईच्या आदल्या रात्री संपतात. माझं मत, भाग पहिला असला तरी त्यात एक तरी गोष्ट पुरी व्हायला हवी. सगळी उत्तरं नकोत, पण सुरुवातीला जो प्रश्न पडला त्याचं काहीतरी झालं पाहिजे. नाहीतर वाचकाने पुस्तक विकत घेतलं की पुस्तकाचा तुकडा?

घाटमाथा

+१. गुणपत्रिकेत ‘स्वतंत्र पुस्तक म्हणून उभं राहतं का’ असा रकाना घालू.

आणि एआयचं काय ठरलं? दोन मुखपृष्ठांवर माणसांची बोटं मोजून बघा.

मुठेकाठची

मुखपृष्ठाला आपण गुण देत नाही, ते याच कारणाने. एसपीएफबीओसोबत दरवर्षी मुखपृष्ठांची वेगळी स्पर्धा असायची. २०२३ मध्ये तिथे पहिलं आलेलं मुखपृष्ठ एआयने केलेल्या चित्रांचा वापर करून बनवल्याचं बाहेर आलं. चित्रकाराने आधी तसं नसल्याचं सांगितलं होतं, लेखकानेही विश्वासाने ते घेतलं होतं. लेखकाने पुस्तक मागे घेतलं आणि लॉरेन्सने मुखपृष्ठांची स्पर्धाच बंद केली. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणारा लेखक यात कसा अडकतो ते त्यातून दिसतं. म्हणून बोटं सहा दिसली तरी त्यावरून कोणाचं पुस्तक बाद करायचं नाही.

मजकुराचं वेगळं. नियमात लिहिलंय की मजकूर लेखकाचा हवा. संशय आला तर परस्पर शेरा न मारता मला कळवा. मी लेखकाशी बोलेन, कच्चा खर्डा, टिपणं, जुनी आवृत्ती मागेन. ज्याने दोन वर्षं लिहिलंय त्याच्याकडे काही ना काही असतंच. सपाट भाषा म्हणजे एआय असं कोणीही गृहीत धरू नका. सपाट लिहिणारी माणसं भरपूर आहेत, आणि डोहाच्या कादंबरीची तोकडी भाषा आपण पाहिलीच.

ओळखीपाळखीचंही आत्ताच सांगते. पुण्यात लिहिणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे. मसापच्या (महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या) कार्यक्रमात भेटलेलं, एकाच कार्यशाळेला बसलेलं, कुणाचा चुलतभाऊ. फाइलींवरून नावं काढली तरी पुस्तक बाजारात आहे, दोन मिनिटांत लेखक कळतो. तेव्हा झाकपाक न करता सांगून टाकायचं. ओळख असेल तर ते पुस्तक दुसऱ्या गटाला द्यायचं, का ते कोणी विचारणार नाही. माझ्या वाट्यातलं एक मी कालच असं पिंपरी-चिंचवडच्या गटाला दिलं.

सह्यकडा

उत्तरं पटली. मैत्रिणीला धागा पाठवतेय.

अक्षरजुळारी

काल-परवात चार फाइली आल्या, चारही रफारच्या. दोन झाल्या. एका लेखकाने श्रीलिपीतली मूळ फाइल हरवलीय, छापील पुस्तकावरून पुन्हा टाइप करावं लागेल. कोणाला वेगाने मराठी टंकन येत असेल तर सांगा, प्रकरणं वाटून घेऊ.

काजवा

मी येतो टाइप करायला. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड येतो. प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक आहे याला कोणाची हरकत नसेल तर.

मुठेकाठची

काजवा, हरकत कसली! फक्त ते पुस्तक तुमच्या गटातलं नाही ना, एवढं मला व्यनित कळवा.

तर ठरलं ते असं. बाद करताना काय आणि कुठे खटकलं ते लिहायचं. दुसरा वाचक तिथून वाचेल, दोघांचं जमलं तरच पुस्तक बाद. दोघांचं फाटलं तर जुनी पानं काका पूर्ण वाचतील आणि त्यांचं मत शेवटचं. रफारवाल्या फाइलींना येत्या रविवारपर्यंत मुदत. बाद झालेल्या लेखकांची पत्रं मी एकत्र करून पाठवेन, पण प्रत्येक पत्र वाचणाऱ्यानेच लिहायचं, मी त्यात शब्द बदलणार नाही. नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवा.

सहकारनगर गटातून अजून कोणी दुसऱ्या वाचनाला नाव दिलेलं नाही. तिथे एक साडेसहाशे पानांची कादंबरी एकाच शेऱ्यावर बाजूला पडलीय. शेरा आहे, ‘नायिका दीडशेव्या पानापर्यंत घराबाहेर पडत नाही.’ कोण घेतंय?

वाचनवेडी

मी घेते. का पडत नाही ते बघायचंय.